हातमोजे नेमके कोणासाठी?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले वीकेंड निगडीत आत्याकडे गेले. आजचा लेख तिथेच सुचला. विषय जरा विचित्र वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं. आमची आत्या निगडी प्राधिकरणात राहते. काका टेल्कोतून रिटायर झालेत. (कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, पण निगडी-आकुर्डीत ती टेल्कोच!) गेल्या वर्षी आत्याला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. पहिल्या चार सायकल त्या प्रसिद्ध 'लाल औषधा'च्या. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ते सरबतासारखं लालभडक औषध आत जायचं आणि मग दोन दिवस उलट्या. चादरी बदला, टॉवेल बदला, पुन्हा बदला.

तिसऱ्या सायकलनंतरच्या शनिवारी मी तिथेच होतो. धुणं-भांडी करणाऱ्या मावशी आल्या आणि सवयीने त्या चादरी बादलीत घेऊन चोळायला बसल्या. लघवीचा लालसर डाग बघून म्हणाल्या, "दादा, रक्त जातंय का हो ताईंना?" मी म्हटलं, नाही, ते औषध आहे. त्याचाच रंग आहे.

बोलून गेलो आणि माझं मलाच चरकलं. म्हणजे औषध या चादरीवर आहे. आणि मावशींचे हात उघडे आहेत. आदल्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये हेच औषध लावताना सिस्टरने एकावर एक असे दोन ग्लोव्हज घातलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. वर गाऊन वेगळा. आम्हाला घरी सोडताना काय खावं, काय खाऊ नये याचा छापील कागद दिला होता. चादरींबद्दल एक अक्षर नव्हतं. (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. त्याने काही साधणार नाही.)

मी धावत जाऊन कपाटातून २०२० सालचा, कोविडच्या वेळचा ग्लोव्हजचा अर्धा खोका काढला. काकांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि शॉप फ्लोअरवरच्या आवाजात विचारलं, "हे कशासाठी आहेत?"

"म्हणजे? ग्लोव्हज आहेत काका."

"अरे, ग्लोव्हज म्हणजे काय? वेल्डिंगला चामड्याचे, प्लेटिंगला रबरी, पत्रा उचलायला वेगळे. आणि ड्रिल मशीनवर घालायचेच नाहीत, बिटमध्ये अडकून हात जातो. कशापासून वाचायचं ते आधी सांग, मग ग्लोव्हज सांगतो."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या दिवशी मावशींना तेच ग्लोव्हज दिले (काहीच नसण्यापेक्षा बरे) आणि रात्री वाचायला बसलो. पुढचं सगळं त्या रात्रीचं आणि नंतरच्या चार-पाच रात्रींचं.

पहिला ग्लोव्ह नर्ससाठी होता

डॉक्टर ग्लोव्हज घालतात ते पेशंटला इन्फेक्शन होऊ नये म्हणून, असंच आपल्याला वाटतं. पण सुरुवात तशी झालीच नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात विल्यम हाल्स्टेड नावाचे सर्जन होते. १८८९ च्या सुमारास त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या मुख्य नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जबरदस्त पुरळ यायला लागलं. त्या काळी हात जंतुरहित करायला पाऱ्याचा एक क्षार, मर्क्युरिक क्लोराइड, वापरत. त्याने त्यांची कातडी सोलवटून निघत होती. हाल्स्टेडनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराचे हातमोजे बनवायला सांगितले. ते चांगलेच उपयोगी पडले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं. (हो, ही लव्हस्टोरी आहे.)

हे ग्लोव्हज पेशंटच्या भल्याचे आहेत हे लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली. हाल्स्टेड यांचेच शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये साडेचारशेच्या वर हर्नियाच्या ऑपरेशन्सचा हिशोब मांडला. सगळ्यांनी ग्लोव्हज घातले की जखमा चिघळण्याचं प्रमाण एकदम खाली येत होतं. तेव्हापासून ग्लोव्ह पेशंटचा झाला आणि नर्सचे हात हा विषय मागे पडला, तो जवळजवळ ऐंशी वर्षं.

विषापासून औषध

आता दुसरा धागा. केमोथेरपीचा जन्म युद्धातल्या मस्टर्ड गॅसमधून झाला हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. नाव गॅस असलं तरी साध्या तापमानाला तो तेलकट द्रव असतो. कातडीला लागला की लगेच काही कळत नाही. काही तासांनी फोड येतात. म्हणजे हे रसायन कातडीतून आत शिरतं, ही गोष्ट पहिल्या महायुद्धापासून जगाला पक्की माहीत होती.

किती पक्की? ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात रावळपिंडीत भारतीय सैनिकांवर याचे प्रयोग सुरू केले. दहाहून अधिक वर्षं, शेकडो सैनिकांवर. काहींना नुसत्या हाफपँट आणि सुती शर्टवर गॅस चेंबरमध्ये पाठवलं. भारतीय कातडीवर ब्रिटिश कातडीपेक्षा जास्त परिणाम होतो का, हे त्यांना बघायचं होतं! ही कागदपत्रं २००७ मध्ये वर्तमानपत्रांत आली तेव्हा थोडी खळबळ झाली, मग आपण विसरलो.

१९४२ मध्ये येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोघं मस्टर्डच्याच एका भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, काम करत होते. हे रसायन पांढऱ्या पेशी मारतं हे त्यांना दिसलं. मग पांढऱ्या पेशींचा कॅन्सर असेल तर? त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लिम्फोमाच्या एका पेशंटला पहिलं इंजेक्शन दिलं. गाठी विरघळल्या. पुढे त्या परत आल्या आणि पेशंट गेला, पण दरवाजा किलकिला झाला होता. युद्धाच्या गुप्ततेमुळे हे प्रसिद्ध झालं ते १९४६ मध्ये.

२ डिसेंबर १९४३ ला जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले. बुडालेल्या जहाजांत जॉन हार्वे नावाचं अमेरिकन जहाज होतं. त्यात मस्टर्डचे बॉम्ब गुपचूप आणलेले होते. ते रसायन पाण्यावरच्या तेलात मिसळलं. खलाशी त्यातून पोहून आले आणि हॉस्पिटलात त्याच तेलाने भिजलेल्या कपड्यांवर ब्लँकेटं गुंडाळून बसले. कारण कोणी सांगितलंच नाही! सांगणं म्हणजे गुपित फोडणं. सहाशेहून जास्त लोकांना बाधा झाली, त्यातले ८३ गेले. स्ट्युअर्ट अलेक्झांडर नावाच्या लष्करी डॉक्टरने ते मस्टर्ड असल्याचं शोधून काढलं. केमोथेरपी बारीतूनच निघाली असं इंटरनेटवर लिहिलेलं सापडतं, ते बरोबर नाही. येलचं इंजेक्शन त्याआधी वर्षभर दिलं गेलं होतं. पण मला त्यातला ओल्या कपड्यांचा भाग विसरता येत नाही. विष समोर आहे, ते कातडीतून जातं हेही माहीत आहे, पण ज्याच्या अंगावर आहे त्याला माहीत नाही.

आत्याला लाल औषधाबरोबर जे दुसरं औषध मिळत होतं, सायक्लोफॉस्फामाइड, ते थेट याच मस्टर्डच्या खानदानातलं. १९५० च्या दशकात जर्मनीत तयार झालं आणि आजही जगभर चालतं.

मग एकेक औषध येत गेलं. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली कंपनीतल्या टीमने बनवलेलं अमिनोप्टेरिन १९४७ मध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. आणि सदाफुली! तीच, आत्याच्या बाल्कनीतल्या कुंडीत न सांगता उगवते ती. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिच्या पानांतून व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं. तिचंच दुसरं औषध व्हिन्क्रिस्टिन. शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, पण लहान मुलांच्या ल्युकेमियात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

इकडे मुंबईत परळचं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं होतं. त्यामागेही ल्युकेमियाच होता. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये त्याच आजाराने गेल्या. तेव्हा द्यायला औषध नव्हतं. पुढे याच हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या मदतीने मुलांच्या ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ नावाचा औषधांचा क्रम बसवला. आपल्याकडची असंख्य मुलं त्याने वाचली. तेव्हा या औषधांना नावं ठेवायला हा लेख नाही, हे आत्ताच सांगतो. आत्या आज आहे ती त्यांच्यामुळेच.

नर्सच्या लघवीत काय सापडलं

प्रश्न वेगळाच आहे. पेशीतल्या डीएनएवर घाव घालणारी ही औषधं पेशंटला दिली, कारण त्याच्यापुढे त्याहून मोठा धोका होता. पण रोज दहा-वीस पेशंटची औषधं भरणाऱ्या नर्सचं काय? तिला कॅन्सर नाही. तिला फक्त तोटाच.

आणि ही औषधं कशी भरली जायची? वॉर्डातल्या टेबलावर. कुपी फोडायची, सिरिंजमध्ये ओढायची, हवेचा बुडबुडा काढायला वर धरून एक चिरकांडी उडवायची. हात उघडे. १९७० च्या दशकापर्यंत जगभर हेच चालू होतं.

१९७९ मध्ये फिनलंडच्या काय फाल्क आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं पत्र छापलं. अमेरिकेच्या ब्रूस एम्स यांनी एक युक्ती शोधली होती. एखादा पदार्थ जनुकांत बदल घडवतो का, हे साल्मोनेला जंतूंवर स्वस्तात तपासता येतं. फाल्कनी ही टेस्ट केमो देणाऱ्या नर्सेसच्या लघवीवर लावली. इतर लोकांच्या तुलनेत तिच्यात जंतूंमध्ये म्युटेशन घडवण्याची ताकद जास्त निघाली. म्हणजे औषध नर्सच्या अंगात शिरत होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर इतकी वर्षं प्रॉडक्शनमध्ये लीक होता आणि कोणी लॉगच बघितला नव्हता.

त्यानंतर हालचाल सुरू झाली. एक गंमत (खरं तर गंमत नाही) सांगतो. फार्मसीत निर्जंतुक काम करायला जे हूड वापरत, त्यात स्वच्छ हवा मागून पुढे, म्हणजे औषधावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर यायची! औषध सुरक्षित, माणूस नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत फार्मासिस्टवर अभ्यास झाला. अशा आडव्या हवेच्या हूडमध्ये काम करताना लघवीत म्युटेशनचा गुण दिसला, उभ्या हवेच्या कॅबिनेटमध्ये काम करताना दिसला नाही. डिझाइन करताना कोणाला वाचवायचं ठरवलं होतं, ते त्या एका वाऱ्याच्या दिशेवरून कळतं.

मग १९८५. फिनलंडमधल्या १७ हॉस्पिटलांतल्या नर्सेसचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ज्यांनी ही औषधं हाताळली होती, त्यांच्यात गर्भ न टिकण्याची शक्यता दुपटीहून थोडी जास्त दिसली.

हे वाचताना रात्रीचा एक वाजला होता. आणि मला आठवलं, दुसऱ्या सायकलच्या वेळी मावशी गावाला गेल्या होत्या. चादरी त्यांच्या सुनेने धुतल्या होत्या. तिला तिसरा महिना होता. आत्यानेच तिला कौतुकाने डिंकाचे लाडू दिले होते.

पुढचं वाचायची इच्छा नव्हती. पण वाचलं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर

ग्लोव्हज घाला म्हणणं सोपं. पण कुठले? १९८४ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस कॉनर यांनी लेटेक्स आणि पीव्हीसी या दोन्ही प्रकारच्या ग्लोव्हजवर कार्मुस्टिन हे औषध ठेवून पाहिलं. ते दोन्हींतून आरपार जातं! भोक नको, फाटायला नको. रेणू प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या साखळ्यांमधून वाट काढत पलीकडे पोचतात. इंजिनिअरिंगवाल्यांना याचं नाव माहीत असेल, परमिएशन. फुगा न फुटता दोन दिवसांत मलूल होतो, तसंच.

म्हणजे पाणी भरून गळतंय का बघण्याची टेस्ट इथे पुरत नाही. २००५ मध्ये यासाठी एएसटीएम डी-६९७८ नावाचं वेगळं मानक आलं. त्यात ग्लोव्हचा तुकडा मध्ये धरतात, एका बाजूला केमोचं औषध, दुसऱ्या बाजूला ते पोचलं का हे मोजणारी यंत्रणा. तापमान सुमारे ३५ अंश, कारण ग्लोव्हच्या आत हात असतो आणि हात गरम असतो. चार तास, म्हणजे २४० मिनिटं. दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला ०.०१ मायक्रोग्रॅम औषध पलीकडे यायला लागलं की ग्लोव्ह 'फुटला' असं धरायचं. आधीच्या सर्वसाधारण रासायनिक टेस्टमध्ये ही मर्यादा ०.१ होती. म्हणजे ही दहापट कडक. सात औषधं सक्तीची आणि किमान दोन आपल्या पसंतीची. आत्याची दोन्ही औषधं, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, त्या सातांत आहेत.

चांगल्या जाड नायट्राइलमधून बहुतेक औषधं चार तासांत जात नाहीत. कार्मुस्टिन आणि थायोटेपा मात्र अजून हट्टी आहेत. कित्येक खोक्यांवर त्यांच्यापुढे काही मिनिटांचाच आकडा असतो, आणि सोबत इशारा. हा आकडा वाचायची सवय लावायला हवी. अमेरिकेच्या नायॉश संस्थेने २००४ मध्येच सांगून ठेवलंय: औषध तयार करताना दोन जोड घाला, पावडरवाले नकोत (पावडरला औषध चिकटतं आणि उडतं), आणि अर्ध्या तासाने किंवा फाटले-सांडले की लगेच बदला.

आपल्याकडे? हैदराबादच्या संशोधकांनी २००७ मध्ये केमो हाताळणाऱ्या नर्सेसच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा डीएनएची मोडतोड इतरांपेक्षा जास्त आढळली. म्हणजे फिनलंडची गोष्ट आपलीही आहे. हॉस्पिटलांना दर्जा देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत केमोच्या औषधांचा मुद्दा आहे. आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत एक बारीक फरक आहे. साधा वापरलेला ग्लोव्ह लाल पिशवीत जातो, पण केमोचं औषध लागलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत, १२०० अंशांच्या वर जाळायच्या. नियम लिहिणाऱ्याला काकांचा प्रश्न बरोबर कळला होता.

शेवटचे दोन किलोमीटर

आपल्या पट्ट्याला औषधं नवीन नाहीत. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली तेव्हापासून हे औषधांचंही गाव आहे. कॅन्सरची औषधं बनवणारी एमक्युअरही याच पट्ट्यातली. अशी औषधं जिथे बनतात तिथे बंद काचेच्या पेट्या असतात आणि त्यांच्या भिंतीलाच जाड ग्लोव्हज जोडलेले असतात. माणसाने पावडरीला हात लावणं तर सोडाच, श्वासही घेऊ नये म्हणून. मग औषध हॉस्पिटलात येतं, तिथे दोन जोड ग्लोव्हज आणि गाऊन. मग पेशंटच्या अंगातून ते घरी येतं. आणि तिथे मावशी, बादली आणि उघडे हात.

घरी पोचलेलं प्रमाण खूपच कमी असतं, हे मान्य. घाबरून जाण्याइतकं नाही. पण खबरदारी इतकी साधी आहे की न सांगण्याला निमित्त उरत नाही. केमोनंतर साधारण ४८ तास (काही औषधांना जास्त, डॉक्टरांना विचारा) पेशंटची उलटी, लघवी, संडास साफ करताना ग्लोव्हज घालायचे. नंतर साबणाने हात धुवायचे. डागाळलेल्या चादरी वेगळ्या धुवायच्या. संडासात झाकण लावून दोनदा फ्लश करायचं. गरोदर बाईने हे काम करायचं नाही. घरी केमोच्या गोळ्या असतील तर त्याही उघड्या हाताने दुसऱ्याने हाताळायच्या नाहीत, कुटायच्या तर अजिबात नाहीत. बस्स, एवढंच. डाएटच्या कागदाच्या मागच्या बाजूला मावेल.

राहिला सुनेचा प्रश्न. मला खरं तर गप्प बसावंसं वाटत होतं. एकदाच तर धुतल्या, उगीच कशाला घाबरवायचं? मी आत्याला विचारलं. डोक्याला रुमाल बांधून ती पडून होती. म्हणाली, "मला कोणीतरी सांगायला हवं होतं की नाही? मग तिला तू सांग." आधी आत्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एकदाच झालं असेल तर धोका अगदी थोडा, पण तिने तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालावं. मग मावशींकडे गेलो, दोघींना बसवून सांगितलं. मावशी काही बोलल्या नाहीत. सून म्हणाली, "दादा, आधी सांगितलं असतं तर मी हातात पिशव्या तरी घातल्या असत्या."

तिला मुलगी झाली. छान आहे. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. टेस्ट पास झाली म्हणून बग नव्हता असं होत नाही.

चौथ्या सायकलला काकांनी स्वतः जाऊन जाड नायट्राइलचा खोका आणला, त्यावरचा बारीक टाइप भिंग लावून वाचला आणि बाथरूमच्या दारामागे लटकवला. मावशी सुट्टीवर असल्या की चादरी तेच धुवायचे. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, असं आत्या सगळ्यांना सांगते :)

आणि हो, एक राहिलंच. हे सगळं समजल्यावर पहिले दोन दिवस मी आत्याच्या जवळ जायलाही बिचकत होतो. ते चूक होतं. हात धरायला, शेजारी बसायला, मिठी मारायला ग्लोव्हज लागत नाहीत. तुमच्या घरी कोणाची केमो चालू असेल तर हेही सांगा. आणि धुणं कोण धुतं, ते एकदा बघा.